सुकटीच्या कागदातला ग्रह

आमच्या घरात दोन गोष्टींची वाट बघणं कायम चालू असायचं. आईला गॅसची आणि बाबांना पुराव्याची. गॅसचा नंबर लावला तेव्हा मी पहिलीत होते आणि मी ही गोष्ट सांगतेय तेव्हा नववीत, म्हणजे नंबर माझ्याबरोबरच मोठा होत होता, फक्त पास होत नव्हता. तोवर घरात पितळी स्टोव्ह होता. सकाळी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडून लाँचींच्या इंजिनांची धडधड यायची आणि तिच्यावर ताण म्हणून आई स्टोव्हला पंप मारायची. मध्येच तो भुरभुरून विझायचा, मग आई पिन घालायची, आणि पिन घालताना गॅस कंपनीतल्या अनोळखी साहेबाच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. अंगणात लाल चिऱ्यांच्या गडग्यावर बसून मी दात घासत ते ऐकत असे. शिव्यांचं माझं भांडार बरंचसं तिथलं आहे.

बाबा सरकारी कचेरीत बारनिशीला होते. आलेल्या प्रत्येक कागदावर आवक क्रमांक घालायचा आणि गेलेल्यावर जावक. नोंद नसलेली गोष्ट जगात नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. माझ्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा वाडीतल्या सगळ्यांबरोबर देव्हाऱ्यातले देव खाडीत सोडले, आणि त्या दिवसापासून पुराव्याशिवाय आमच्या घरात कोणालाच प्रवेश नव्हता. अमक्याच्या घरात भूत आहे म्हटलं की बाबा विचारायचे, "पुरावा काय?" दारात आलेल्या कोळणीलाही तेच. "ताजा आहे याचा पुरावा काय?" ती माशाचा कल्ला उचकटून दाखवायची आणि म्हणायची, "ह्यो बघा लालबुंद. आता काय त्याला बोलायला लावू?" बाबा वाकून कल्ला बघायचे, मान हलवायचे, आणि दर वेळी ती त्यांना शिळाच मासा देऊन जायची. आई म्हणायची, "यांना पुरावा दाखवला की पुरे, मासा दाखवायला लागत नाय."

बाबांची बहीण, माझी आत्या, हर्णेला दिलेली. पाऊस संपला आणि वाळवणं निघाली की ती येत्याजात्या माणसाबरोबर सुकं म्हावरं पाठवायची. सुकट, सोडे, बांगडे, सगळ्याचे वेगवेगळे पुडे, मुंबईच्या वर्तमानपत्रात बांधलेले. आमच्याकडे पेपर विकत येत नसे. कचेरीत बाबा वाचायचे आणि घरी आम्हाला सारांश सांगायचे. त्यामुळे मी पुड्यांचे कागद वाचायची. महिन्या-दोन महिन्यांपूर्वीच्या बातम्या, कुठे तेलाचा डाग, कुठे खवला चिकटलेला. अजूनही कुठे मोठी राजकीय उलथापालथ झाल्याचं वाचलं की माझ्या नाकाला सोड्यांचा वास येतो.

तसाच एका दुपारी सुकटीचा पुडा सोडताना तो कागद माझ्या हाती लागला. परदेशातल्या दोघा शास्त्रज्ञांना आपल्या सूर्यासारख्याच एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह सापडला होता. गुरूसारखा, नुसत्या वायूचा. वजनानं गुरूच्या निम्मा, पण ताऱ्याला इतका चिकटून की त्याचा एक फेरा चार दिवसांत पुरा. अंगाची नुसती भट्टी. ताऱ्याचं नाव जिथं होतं तो कोपरा आत्यानं सुतळी बांधताना फाडला होता. त्यामुळे आमच्या घरात तो ग्रह शेवटपर्यंत बिननावाचा राहिला.

मी धावत स्वयंपाकघरात जाऊन मोठ्यानं वाचून दाखवलं. आई सुकट निवडत होती. तिनं फक्त एक शब्द पकडला.

"गॅस? सगळा गॅस?"

"सगळा गॅस. जमीनच नाही."

"बघा," ती बाबांना म्हणाली, "तिकडं अख्खा गोळा गॅसचा, नि आमच्या नशिबाला एक सिलिंडर नाय." मग जरा विचार करून म्हणाली, "आणि चार दिवसांत वरीस म्हंजे? चार दिवसांत नांगरणी, लावणी, कापणी, झोडणी? मेली तिथली माणसं कामानं."

बाबांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचली. "कोणी पाहिला?" त्यांनी विचारलं. मी पुढचं वाचलं. पाहिला कोणीच नव्हता. तारा जागच्या जागी किंचित डुलतो, त्यावरून कुणीतरी त्याला ओढतंय असा हिशेब मांडलेला. बाबांनी कागद परत दिला. "म्हणजे पुरावा नाही. तारा डुलतो तर डुलू दे. आमचे हेडक्लार्कही डुलतात."

मला मात्र तो कागद टाकवेना. मी तो विज्ञानाच्या वहीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत नसीमाला दाखवला. नसीमा माझी बाकावरची मैत्रीण, मिरकरवाड्यातली. तिचे वडील जहाजावर खलाशी होते, सहा-सहा महिने घरी नसायचे. ती काडीसारखी, मी अंगानं भरलेली. बाई आम्हाला दहा म्हणायच्या, ती एक आणि मी शून्य. नसीमानं बातमी दोनदा वाचली, कागदाचा वास घेतला आणि म्हणाली, "खरी दिसते गो. खोटी बातमी कोण एवढ्या लांबची देईल?"

गावात एका संस्थेची विज्ञान परीक्षा असायची. तालुक्यातल्या नववीच्या मुलींनी बसायचं, आणि पहिल्या येणारीला मे महिन्यात पुण्याच्या विज्ञान शिबिरात पाठवायचं. एक महिना. राहणं, जेवण, प्रयोगशाळा, आणि दुर्बीण. दुर्बीण हा शब्द जाहिरातीत ठळक छापला होता. मी तोवर रत्नागिरीच्या बाहेर हर्णे आणि मुरुड सोडून काही पाहिलं नव्हतं, आणि तिथं तरी काय, आत्याचं घर, म्हावऱ्याचा लिलाव नि समुद्र. तोच समुद्र, दुसऱ्या बाजूनं. पुण्याला समुद्र नाही याचंच मला केवढं आकर्षण होतं.

परीक्षेत 'चूक की बरोबर ते लिहा' असा एक प्रश्न होता. त्यातलं एक वाक्य आमच्या पाठ्यपुस्तकातून जसंच्या तसं उचललेलं: सूर्याखेरीज इतर कोणत्याही ताऱ्याभोवती ग्रह फिरत असल्याचे आढळलेले नाही. मी एक क्षणही न थांबता 'चूक' लिहिलं. इतकी खूश झाले की पुढची दोन वाक्यं न वाचताच सोडवली आणि तीही चुकली. पण ते मी घरी सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहितेय.

निकाल लागला. नसीमाला साडेसत्त्याऐंशी, मला शहाऐंशी. ती पहिली, मी दुसरी. पेपर परत मिळाला तेव्हा माझ्या 'चूक'वर लाल फुली होती. नसीमानं त्या वाक्याला 'बरोबर' लिहिलं होतं आणि तिला गुण मिळाला होता.

"तुला तर माहीत होतं," मी म्हटलं.

"होतं."

"मग?"

"पेपर संस्थेचे लेले सर तपासतात. लेले सर काय सुकटीचा कागद वाचतात?" नसीमा म्हणाली. "मी खोटं नाय लिहिलं गो. पुस्तकातलं लिहिलं."

मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. त्या ग्रहावरचं एक अख्खं वर्ष.

घरी मात्र चमत्कार झाला. ज्या ग्रहाला बाबांनी आवक क्रमांक नाकारला होता, त्याच्यावर लाल फुली पडलेली पाहून ते ताठ झाले. आई म्हणाली, "पुस्तकात होतं ता लिहायला काय झालं होतं हिला?" पण बाबा पाटावर बसून आकडेमोड करत होते. माझं उत्तर बरोबर धरलं तर माझा एक गुण वाढून सत्त्याऐंशी, आणि नसीमाचा एक कमी होऊन साडेशहाऐंशी. मी पहिली, अर्ध्या गुणानं. "अर्ज करायला हवा," बाबा म्हणाले. ग्रह खरा की खोटा हा प्रश्न त्यांच्या दृष्टीनं आता दुय्यम होता. अर्ज देता येण्याजोगी बाब निर्माण झाली होती.

अर्ज गेला, आणि संस्थेनं आम्हा तिघांना बोलावलं. बाबा, मी, आणि जिच्या क्रमांकावर परिणाम होणार ती नसीमा. संस्थेची कचेरी वाचनालयाच्या माडीवर. लेले सर निवृत्त मुख्याध्यापक, पांढरं धोतर, करडा कोट, टेबलावर हजेरीपट, नियमांचं पुस्तक आणि त्यावर एक गुळगुळीत दगड. त्यांनी बाबांना बसायला सांगितलं, आम्हाला नाही. बाबांनी पिशवीतून पुरावा काढून टेबलावर ठेवला. लेले सरांनी तो दोन बोटांनी उचलला आणि त्यांचं नाक आखडलं.

"याला वास कसला येतोय?"

"सुकटीचा," बाबा म्हणाले. "हर्णेहून आवक आहे."

"तुमच्याकडे वर्तमानपत्र असं येतं?"

"आमच्याकडे असंच येतं," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या मी त्याआधी एकदाच लाल झालेल्या पाहिल्या होत्या, एका लग्नात आमची पंगत वेगळी बसवली तेव्हा.

लेले सरांनी मात्र बातमी खरोखरच वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, वास सोसून. मग चष्मा काढला. "कोणी पाहिला हा ग्रह?"

 हा बाबांचाच प्रश्न होता. पंधरा वर्षं ज्या शस्त्रानं त्यांनी भुतं, नवस आणि कोळणी परतवल्या होत्या, ते आज टेबलाच्या पलीकडून त्यांच्यावर रोखलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते बघणं बापाचं नव्हतं. अडचणीत आलेला माणूस जाणकाराकडे बघतो, तसं होतं. "सांग यांना," ते म्हणाले.

मला सांगता येईना. तारा डुलतो, ग्रह ओढतो, असं काहीतरी बोलले. सर म्हणाले, "एवढा मोठा तारा एवढ्याशा ग्रहानं डुलेल कसा?" तेव्हा इतका वेळ भिंतीला टेकून उभी असलेली नसीमा पुढे आली. "सर, फुगडी घालून दाखवू?"

आज माझे गुडघे मला जिना चढू देत नाहीत, पण ती फुगडी त्यांना आठवते. आम्ही ओढण्या कमरेला बांधल्या, हाताची अढी घातली, पाय जुळवले आणि वाचनालयाच्या त्या माडीवर गरगर फिरायला लागलो. लाकडी तक्तपोशी धडाधड वाजायला लागली, खाली वाचत बसलेले दोघे वर काय पडलं म्हणून जिन्यात आले. नसीमा फिरता फिरता ओरडून सांगत होती, "मी ग्रह, सर! मी हलकी, म्हणून मोठा फेरा! ही तारा! ही जड, पण हीपण जागेवर नाय राहत, बघा! आता मला झाका! हाजरीबुक धरा डोळ्यासमोर, मला झाका नि हिलाच बघा!"

आणि लेले सरांनी खरंच हजेरीपट उचलून डोळ्यांसमोर धरला, नसीमा झाकली, आणि एका कडेनं मला पाहिलं. एकटीच, मागे रेललेली, लहानशा वर्तुळात डुलणारी जाड मुलगी. कितीतरी वेळ ते तसेच बघत राहिले. आम्ही थांबलो, भिंत धरली. सगळी खोली अजून फिरत होती.

"हिचा हात कुणीतरी धरलाय," सर हळूच म्हणाले, "हे न दिसताही कळतं."

मग ते एकदम भानावर आले आणि नसीमाकडे वळले. "तुला हे सगळं ठाऊक होतं?"

"हो, सर."

"मग 'बरोबर' का लिहिलंस?"

ती "माहीत नव्हतं" म्हणाली असती तरी कोणी तिला धरणार नव्हतं. नसीमा म्हणाली, "सर, प्रश्न पुस्तकावर होता का आकाशावर? मला वाटलं पुस्तकावर. आकाशावर असेल तर हिचं उत्तर बरोबर."

लेले सरांनी बराच वेळ तो गुळगुळीत दगड हातात फिरवला. निकाल त्यांनी उभं राहून दिला. पुस्तकाप्रमाणे विधान बरोबर, वस्तुस्थितीप्रमाणे चूक. अशा प्रश्नाला कोणालाच गुण देता येत नाही. प्रश्न रद्द. म्हणजे नसीमाचा त्या वाक्याचा गुण गेला आणि ती साडेशहाऐंशीवर आली. माझा नव्हताच, मी शहाऐंशीवर राहिले. ग्रह मान्य झाला, पुस्तक चुकलं हे मान्य झालं, आणि मी अर्ध्या गुणानं पुन्हा दुसरी आले.

जिना उतरताना बाबा म्हणाले, "निकाल चुकीचा आहे, पण पद्धत बरोबर आहे." त्यांना मनापासून समाधान वाटलं होतं. त्यांच्या कागदाची नोंद झाली होती.

पुढे मी शिक्षिका झाले. हातात पहिला वर्ग आला तेव्हा पाठ्यपुस्तकात तेच वाक्य होतं. एका मुलीनं ते वाचून हात वर केला. मी तिला सांगितलं, खरं काय ते वहीच्या मागच्या पानावर लिही, परीक्षेत पुस्तकातलं लिही. आता असे ग्रह हजारोंनी सापडलेत, मोबाइलवर बोट फिरवलं की समोर येतात. पुस्तकं केव्हाच बदलली. त्या मुलीला दिलेलं माझं उत्तर मात्र कुठल्या आवृत्तीत दुरुस्त झालेलं नाही.

असो. पुण्याला नसीमाच जाणार म्हणून मी मनातल्या मनात जळत होते, तोच बातमी आली की तिला घरून पाठवत नाहीत. बाहेरगावच्या मुलीबरोबर महिनाभर एक बाईमाणूस हवं, असा शिबिराचा नियम होता. तिचे वडील समुद्रावर, धाकटी भावंडं दोन, आजी अंथरुणाला खिळलेली. अम्मा घर सोडू शकत नव्हती आणि एकट्या पोरीला पाठवायला तयार नव्हती. पहिली जात नसेल तर जागा दुसरीची. आत्या माझ्यासोबत यायला एका पायावर तयार होती. दोन दिवस मी फार सुखात काढले. मिरकरवाड्याच्या वाटेनं जाणं तेवढं टाळलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी लेले सर आमच्या घरी आले. चालत, छत्री घेऊन, काखेत नियमांचं पुस्तक. आई स्टोव्हपाशीच उभी राहिली, चहा घेतील की नाही या विचारात. त्यांनी चहा घेतला. बशीत ओतून, निवांत. मग म्हणाले, "मुली, दुसरा क्रमांक म्हणून तुझं नाव पाठवायचं आहे. सही कर."

मी पेन उचललं. समोर अर्ज होता, वर माझं नाव लिहिलेलं. मला मोठेपणा सुचला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला फक्त त्या माडीवर भिंतीपासून पुढे आलेली नसीमा दिसली. ती तशीच टेकून उभी राहिली असती तर तिचं काही बिघडणार नव्हतं. मी पेन खाली ठेवलं.

"सर, सोबतीच्या बाईला वयाची अट आहे का?" मी विचारलं.

लेले सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. पुस्तक उघडलं, पानं उलटली, बोट ओळीवरून फिरवलं. "'सोबत एक स्त्री असावी.' बस. वय लिहिलेलं नाही." त्यांच्या मिशीत काहीतरी हललं, पण चेहरा कचेरीतलाच राहिला. "आता पंधरा वर्षांची मुलगी ही स्त्री होते का, याबद्दल पुस्तक काही बोलत नाही."

बाबा उठले. ट्रंकेतून कागदांची पिशवी काढली, तीतून माझा जन्मदाखला, आणि तो सरांसमोर धरून एका रकान्यावर बोट ठेवलं. "लिंग: स्त्री," त्यांनी वाचलं. "सही-शिक्क्यानिशी."

"उत्तम," लेले सर म्हणाले आणि माझ्या नावाचा अर्ज घडी करून खिशात घातला.

नसीमाच्या अम्माची समजूत आईनं घातली. काय बोलली कोण जाणे, पण परत आली तेव्हा बरोबर तळलेल्या बोंबलांचा डबा होता आणि परवानगी. बाबांनी एसटीत आमच्या पायाशी ट्रंक ठेवली आणि खिडकीतून मला सांगितलं, "तिच्यावर लक्ष ठेव." नसीमा घाटात तीनदा ओकली. मी तिचं डोकं धरून बसले होते.

शिबिराच्या दारात एक कारकून टेबल टाकून बसला होता. बाकीच्या मुलींबरोबर आया, मावश्या, एक आजी. त्यानं नसीमाचं नाव लिहिलं, मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "सोबत कोण?"

"मी."

त्यानं वर पाहिलं. "वय?"

"पंधरा."

"आणि हिचं?"

"पंधरा," नसीमा म्हणाली. "पण ही मोठी आहे. दोन महिन्यांनी."

कारकुनानं आमच्या दोघींकडे पाहिलं, लेले सरांचं पत्र पाहिलं, त्याला जोडलेली जन्मदाखल्याची नक्कल पाहिली. मागे रांग वाढत होती. त्यानं वही माझ्याकडे वळवली. "करा सही, मावशी. त्या पालकांच्या रकान्यात."

नसीमा तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. मी तिच्याकडे मोठ्या माणसासारखे डोळे वटारले आणि माझ्या आयुष्यातली पहिली सही केली, जी मला हरवून आत चालली होती तिची पालक म्हणून.